लिनक्स उठत नाही, तेव्हा आधी लिहिणं थांबवा

संगणक चालू केला, कंपनीचं चिन्ह येऊन गेलं आणि नेहमीच्या लॉगिनऐवजी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या आठ-दहा ओळी आल्या. त्यांतली एक ओळ अशी: 'अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली'. तळाशी कंसात 'इनिटरॅमएफएस' हा शब्द आणि त्यापुढे लुकलुकणारा कर्सर. उबंटू, मिंट किंवा डेबियन वर्षानुवर्षं वापरणाऱ्या बऱ्याच जणांनी हा पडदा पाहिलेला असतो. फेडोरा किंवा रेड हॅटच्या घराण्यातलं यंत्र असेल, तर ते 'इमर्जन्सी मोड'मध्ये आल्याचं सांगतं आणि रूटचा पासवर्ड मागत थांबतं.

अशा वेळी माणूस तीनपैकी एक गोष्ट करतो. बटण दाबून दाबून यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करतो, नाहीतर कुणीतरी सांगितलेली, सगळ्या प्रश्नांना 'हो' म्हणणारी आज्ञा देतो, नाहीतर सरळ नव्याने इन्स्टॉल करायला घेतो. तिन्हींत डिस्कवर नवं काहीतरी लिहिलं जातं, आणि धोका तिथेच आहे. बहुतेक प्रसंगांत तुमचे फोटो, हिशेब, प्रबंध सगळं डिस्कवर जागच्या जागी असतं. ते कुठे आहे याची नोंद तेवढी बिघडलेली असते. दुरुस्तीच्या प्रोग्रॅमचं काम या नोंदी एकमेकींशी जुळवणं एवढंच आहे. तुमच्या फाइल वाचल्या तर उत्तम, पण त्या वाचवण्याचं वचन तो कधीच देत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी बघायचं, मग नक्कल काढायची, आणि दुरुस्ती त्यानंतर.

त्याही आधी हा खरोखर फाइल सिस्टिमचाच बिघाड आहे का, हे पाहावं. यंत्र उठण्याची साखळी ठरलेली आहे. फर्मवेअर ग्रबला उठवतं, ग्रब कर्नल आणि त्याच्यासोबतची इनिटरॅमएफएस ही छोटी तात्पुरती फाइल सिस्टिम मेमरीत आणतो, ती खरी रूट फाइल सिस्टिम शोधून माउंट करते, आणि मग सिस्टमडी 'एफएसटॅब' फाइल वाचून उरलेली विभाजनं जोडतो. यंत्र कुठे अडलं यावरून बरंच कळतं. 'ग्रब रेस्क्यू' असं दिसलं तर ग्रबला स्वतःच्याच फाइल सापडलेल्या नाहीत. बऱ्याचदा कुणीतरी विभाजनं हलवलेली असतात. कर्नल पॅनिक येऊन 'अननोन ब्लॉक शून्य, शून्य'वरची रूट फाइल सिस्टिम माउंट करता येत नाही असं म्हटलं, तर सहसा अपडेट अर्धवट राहून इनिटरॅमएफएस बनलेलीच नसते. बूट विभाजन भरून गेलं की हे हमखास घडतं. एखाद्या डिस्कची ९० सेकंद वाट पाहून यंत्र इमर्जन्सी मोडमध्ये गेलं, तर दोष एफएसटॅबमधल्या एखाद्या जुन्या ओळीचा असण्याची शक्यता मोठी. काढून टाकलेल्या डिस्कची नोंद तिथे राहून गेलेली असते. ती ओळ काढली किंवा तिच्या पर्यायांत 'नोफेल' लिहिलं की काम झालं. डिस्कला हात लावायची गरजच पडत नाही.

या सगळ्या शक्यता बाजूला पडल्या आणि पडदा खरोखरच विसंगतीबद्दल बोलत असेल, तर विसंगती कशाची हे समजून घेतलं पाहिजे. लिनक्सवर आज सर्वाधिक आढळते ती ईएक्सटी-४ ही फाइल सिस्टिम, म्हणून तीच धरून चालू. जमीन आणि तलाठ्याचं दप्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तसंच इथेही आहे. डिस्कचे सहसा ४,०९६ बाइटांचे ब्लॉक ही जमीन. त्यांत तुमचा मजकूर असतो. प्रत्येक फाइलचा सातबारा म्हणजे तिचा आयनोड: मालक कोण, हक्क कुणाला, शेवटचा बदल कधी, मजकूर कोणकोणत्या ब्लॉकांत. दप्तराला आग लागली म्हणून शेत कुठे जात नाही. पण एकाच गटावर दोघांचे सातबारे निघाले किंवा सातबारा आहे आणि गट कुणाचा तेच कळत नाही, असं झालं की व्यवहार थांबतात.

आयनोडात एक गोष्ट नसते आणि पुढे ती फार महत्त्वाची ठरते. फाइलचं नाव तिथे नसतं. नाव असतं त्या फाइलच्या फोल्डरमध्ये. फोल्डर म्हणजे नावं आणि आयनोड क्रमांक यांच्या जोड्यांची यादी. मूळ फोल्डरचा आयनोड क्रमांक नेहमी २ असतो आणि तिथूनच सगळी झाडाझडती सुरू होते. या सगळ्याच्या वर सुपरब्लॉक. विभाजनाच्या सुरुवातीपासून १,०२४ बाइट सोडून तो बसतो, आणि ब्लॉक केवढे, आयनोड किती, शेवटचं बंद होणं नीट झालं होतं का, ही माहिती त्यात असते.

आता एक साधी फाइल जतन करायची म्हटली तरी यांतल्या तीन-चार ठिकाणी लिहावं लागतं. मोकळ्या ब्लॉकांचा नकाशा, आयनोड, फोल्डरची यादी, मोजदाद. ही लेखनं एका क्षणी होत नाहीत. मधेच लाइट गेली की काही नोंदी नव्या आणि काही जुन्या राहतात. १९९३ साली आलेल्या ईएक्सटी-२मध्ये यावर उपाय एकच होता: पुन्हा सुरू होताना अख्खी डिस्क तपासायची. डिस्क मोठ्या होत गेल्या तशी ही तपासणी लांबत गेली. स्टीफन ट्वीडी यांच्या ईएक्सटी-३ने जर्नल आणलं आणि २००१च्या अखेरीस ते मुख्य कर्नलमध्ये दाखल झालं. जर्नल म्हणजे दप्तरातली फेरफाराची वही. बदल आधी तिथे पूर्ण लिहायचा, मग मूळ नोंदींत उतरवायचा. लाइट गेली तर पुढच्या वेळी वही वाचून पुरे झालेले फेरफार लागू करायचे, अर्धवट राहिलेले सोडून द्यायचे. काही सेकंदांचं काम.

जर्नल असलं की डेटा सुरक्षित, असा समज यातून पसरला. तो चुकीचा आहे, आणि किती चुकीचा ते २००९ साली दिसलं. डिसेंबर २००८मध्ये कर्नल २.६.२८ सोबत ईएक्सटी-४ स्थिर म्हणून जाहीर झाली होती. उबंटू ९.०४ची चाचणी करणाऱ्यांना अनुभव येऊ लागला, की यंत्र अचानक बंद पडून पुन्हा उठलं की नुकत्याच लिहिलेल्या कित्येक फाइल शून्य बाइटांच्या झालेल्या असतात. विशेषतः केडीई आणि ग्नोमच्या सेटिंगच्या फाइल. फाइल सिस्टिम मात्र पूर्ण सुसंगत! कारण असं: वेग वाढावा म्हणून ईएक्सटी-४ मजकुरासाठी ब्लॉक ठरवायला उशीर करते. फाइलचं नाव बदलल्याची नोंद जर्नलमध्ये पाच सेकंदांत पोचायची, आणि मजकूर मात्र मेमरीतच असायचा. ईएक्सटी-३मध्ये ब्लॉक लगेच ठरायचे आणि मजकूर नोंदीच्या आधी डिस्कवर जायचा, म्हणून त्याच प्रोग्रॅमांचा निष्काळजीपणा वर्षानुवर्षं झाकला गेला होता. ईएक्सटी-४ सांभाळणारे थिओडोर त्सो यांचं म्हणणं होतं की मजकूर डिस्कवर पोचल्याची खात्री हवी असेल तर प्रोग्रॅमने 'एफसिंक' करून ती मागितलीच पाहिजे. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच होतं. तरीही त्यांनी नाव बदलून जुन्या फाइलच्या जागी नवी बसवली जाते तेव्हा ब्लॉक लगेच ठरवायची तजवीज कर्नलमध्ये केली, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. लाखो माणसं वापरत असलेल्या प्रोग्रॅमांच्या सवयी एका वर्षात बदलत नाहीत. या प्रकरणातून लक्षात ठेवायचं ते हे, की जर्नल रचना सांभाळतं. आतल्या मजकुराची हमी त्यातून मिळत नाही.

आता प्रत्यक्ष काम. बिघडलेलं यंत्र बंद करा आणि दुसऱ्या संगणकावर लाइव्ह पेनड्राइव्ह तयार करा. उबंटूचा नेहमीचा चालतो, पण सावरण्याची हत्यारं आधीच भरलेला सिस्टिमरेस्क्यू अधिक सोयीचा पडतो. त्यावरून सुरू करून 'एलएसबीएलके हायफन एफ' ही आज्ञा द्या. कोणती डिस्क, कोणतं विभाजन, त्यावर कोणती फाइल सिस्टिम, सगळं समोर येतं. ही यादी कागदावर उतरवून घ्या. मी गंभीरपणे सांगतो आहे. पुढच्या बहुतेक आज्ञांत विभाजनाचं नाव टाइप करायचं असतं आणि एक अक्षर चुकलं तर चांगली डिस्क पुसली जाते. विभाजन एलव्हीएममध्ये असेल तर आधी तो गट सक्रिय करावा लागतो, आणि लुक्सने कुलूपबंद असेल तर क्रिप्टसेटअपने आधी कुलूप काढावं लागतं. त्याशिवाय आतली फाइल सिस्टिम दिसतच नाही.

मग डिस्कची तब्येत. 'डीमेसेज' आज्ञेने कर्नलचे संदेश वाचा. त्यांत आय-ओ एरर किंवा मीडियम एरर अशा ओळी येत असतील तर प्रश्न नोंदींचा राहिलेला नाही, डिस्कच मरते आहे. 'स्मार्टसीटीएल हायफन ए' डिस्कचा स्वतःचा अहवाल दाखवतं. फिरत्या डिस्कसाठी त्यातल्या चार ओळी मी सगळ्यात आधी बघतो: ५ क्रमांकाची, म्हणजे बदली केलेले सेक्टर, १९७, वाचता न आलेले आणि निर्णय बाकी असलेले सेक्टर, १९८, तपासणीतही दुरुस्त न झालेले, आणि १९९, वाटेत झालेल्या चुका. पहिल्या तीन ओळींतले आकडे वाढत असतील तर डिस्क काही दिवसांची किंवा तासांची सोबती. पण फक्त १९९चा आकडा मोठा असेल तर दोष बहुतेक वेळा साटा केबलचा किंवा तिच्या जोडणीचा असतो. केबल साध्या दुकानात मिळते, आणि ती न बदलता डिस्क टाकून देणारे लोक मी पाहिले आहेत.

डिस्क मरत असेल तर तिच्यावर एफएससीके चालवू नये. तो प्रोग्रॅम सगळ्या डिस्कभर धावतो, लिहितो, आणि आजारी डिस्कला तेवढाच शेवटचा धक्का पुरतो. इथे लागतं जीएनयू डीडीरेस्क्यू, आंतोनियो दियास दियास यांनी लिहिलेलं. साधं 'डीडी' पहिल्या खराब सेक्टरपाशी थांबतं. डीडीरेस्क्यू आधी जे सहज वाचता येतं ते सगळं पटापट उचलतं, अडलेला भाग वगळून पुढे सरकतं आणि नंतर परत येऊन अवघड जागा थोड्या थोड्या खरवडतं. कुठवर आलो याची नोंद ते नकाशाच्या फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे मधे थांबवून डिस्क गार होऊ द्यावी आणि तिथूनच पुन्हा सुरू करावं, हे शक्य होतं. नकाशाची फाइल द्यायला मात्र विसरायचं नाही. तिच्याशिवाय थांबलेलं काम पहिल्यापासून करावं लागतं. आज्ञेत आधी मूळ डिस्क, मग नक्कल. उलटं झालं तर कोऱ्या डिस्कची प्रत तुमच्या डेटावर चढते.

डिस्क धडधाकट असली तरी, जागा असेल तर, मी पूर्ण प्रत काढल्याशिवाय दुरुस्तीला हात लावत नाही. तेवढी मोठी डिस्क नसेल तर निदान महत्त्वाच्या फाइल उचलून घ्याव्यात. आणि इथे एक सापळा आहे. 'फक्त वाचण्यासाठी' माउंट केलं की काही लिहिलं जाणार नाही, असं आपण धरून चालतो. ईएक्सटी-४ मात्र तशा माउंटमध्येही आधी जर्नल वाचते आणि राहिलेले फेरफार डिस्कवर उतरवते, म्हणजे लिहितेच. खरोखर काही लिहू द्यायचं नसेल तर 'आरओ'सोबत 'नोलोड' हा पर्याय द्यावा लागतो. एक्सएफएससाठी त्याच कामाचा पर्याय 'नोरिकव्हरी'. असं माउंट झालं आणि घरच्या फोल्डरमधल्या फाइल दिसल्या, तर त्या बाहेरच्या डिस्कवर घेऊन टाका. निम्मी चिंता तिथेच संपते.

मग एफएससीके. बेल लॅब्जमधल्या टेड कोवाल्स्की यांनी हा प्रोग्रॅम १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात युनिक्ससाठी लिहिला. त्याआधी हेच काम वेगवेगळी छोटी हत्यारं वापरून, नीट जाणकार माणसालाच करता येत असे. लिनक्सवर एफएससीके हे फक्त दार आहे. ते फाइल सिस्टिमचा प्रकार पाहून योग्य त्या प्रोग्रॅमला बोलावतं, ईएक्सटी-४साठी ई-टू-एफएससीकेला. पहिली अट: विभाजन माउंट केलेलं नसावं. चालू विभाजनावर दुरुस्ती केली तर कर्नलच्या मेमरीतल्या नोंदी आणि डिस्कवरच्या नोंदी यांची फारकत होते आणि बरं असलेलंही बिघडतं.

सुरुवात 'हायफन एन'ने करा. हा पर्याय सगळ्या प्रश्नांना 'नाही' म्हणतो आणि डिस्कवर काही लिहीत नाही. सोबत 'हायफन एफ' द्या, नाहीतर सुपरब्लॉकवर 'स्वच्छ' असा शिक्का असेल तर प्रोग्रॅम तपासणी न करताच परत येतो. तपासणीचे पाच टप्पे पडद्यावर येतात: आयनोड आणि त्यांचे ब्लॉक, फोल्डरांच्या याद्या, फोल्डरांची एकमेकांशी जोडणी, प्रत्येक आयनोडाकडे किती नावं बोट दाखवतात त्याची मोजणी, आणि शेवटी मोकळ्या-भरलेल्या जागेचा हिशेब.

या टप्प्यांत येणारे प्रश्न सारखेच भीतिदायक दिसतात, पण त्यांचं वजन फार वेगळं असतं. शेवटच्या टप्प्यात 'मोकळ्या ब्लॉकांची संख्या चुकली' असं आलं तर ती निव्वळ बेरजेची चूक आहे, निःशंक 'हो' म्हणावं. 'पुसलेल्या आयनोडावर पुसल्याची वेळ नाही' हेही निरुपद्रवी. 'अमुक फोल्डर कुठेच जोडलेला नाही, लॉस्ट-फाउंडमध्ये जोडू का?' याला 'हो' म्हटलं की काहीतरी परत मिळतं. पण 'या नावाचा आयनोड रिकामा आहे, नोंद पुसू का?' हा प्रश्न एका फाइलच्या मृत्यूचा दाखला असतो. आणि पहिल्या टप्प्यात 'एकाच ब्लॉकवर अनेकांचा हक्क' असं सुरू झालं तर थांबून विचार करावा. ई-टू-एफएससीके तो ब्लॉक दोघांनाही नक्कल करून देतं. नोंदी जुळतात. मात्र त्या दोनपैकी किमान एका फाइलच्या आत दुसऱ्याच कुणाचा मजकूर असतो, आणि कुठल्या, ते प्रोग्रॅमला ठाऊक नसतं.

'हायफन एन'च्या फेरीत पंधरा-वीस किरकोळ प्रश्न निघाले, तर 'हायफन वाय' देऊन सगळ्यांना हो म्हणायला हरकत नाही. लाइट जाऊन झालेले बहुतेक बिघाड याच प्रकारचे असतात, आणि काळ्या पडद्यावरच्या इनिटरॅमएफएसमधूनच, लाइव्ह पेनड्राइव्हशिवाय, पाच मिनिटांत निस्तरतात. पण प्रश्न शेकड्यांनी वाहू लागले, मूळ फोल्डरच नाही म्हणू लागले, तर 'हायफन वाय' मला बेजबाबदार वाटतं. कुठल्याही प्रसंगात आंधळेपणाने तोच सल्ला देणाऱ्यांनी लोकांचं बरंच नुकसान केलं आहे. अशा वेळी प्रतीवर काम करावं, किंवा 'हायफन झेड' देऊन बदलांची उलट नोंद दुसऱ्या डिस्कवरच्या फाइलमध्ये ठेवावी. मग 'ई-टू-अनडू' ते बदल मागे फिरवू शकतं. दुरुस्तीनंतर तपासणी पुन्हा चालवा, ती एकही प्रश्न न विचारता संपेपर्यंत.

कधी कधी तपासणी सुरूच होत नाही. 'सुपरब्लॉकमध्ये चुकीचा मॅजिक नंबर' असं म्हणून प्रोग्रॅम थांबतो. लोक लगेच सुपरब्लॉक गेला असं समजतात. आधी आज्ञा पुन्हा वाचा. विभाजनाऐवजी अख्ख्या डिस्कचं नाव दिलं असेल, किंवा त्या जागी लुक्स, एलव्हीएम नाहीतर वेगळीच फाइल सिस्टिम असेल, तर हाच संदेश येतो. सुपरब्लॉक खरंच गेला असला, तरी ईएक्सटी-४ त्याच्या प्रती डिस्कभर पेरून ठेवते. ब्लॉक ४,०९६ बाइटांचे असतील तर पहिली प्रत ब्लॉक ३२,७६८वर, पुढच्या ९८,३०४, १,६३,८४०, २,२९,३७६ अशा. विभाजन प्रत्येकी १२८ एमबीच्या गटांत वाटलेलं असतं, आणि पहिला गट व ३, ५, ७ यांच्या घातांच्या क्रमांकांचे गट प्रती बाळगतात, म्हणून हे आकडे. ई-टू-एफएससीकेला 'हायफन बी' देऊन त्यांपैकी एक सांगितला की त्या प्रतीवरून ते काम सुरू करतं. हे आकडे शोधायला 'एमकेई-टू-एफएस हायफन एन' वापरा असं सगळीकडे सांगितलेलं असतं. तो 'हायफन एन' विसरला तर तीच आज्ञा विभाजन फॉरमॅट करते. म्हणून मी वरचे आकडे पाठ ठेवणं पसंत करतो.

दुरुस्ती झाल्यावर 'लॉस्ट-फाउंड' फोल्डर उघडून बघायलाच हवा. ज्या आयनोडांची नावं हरवली ते इथे येतात, आणि नाव म्हणून त्यांना आयनोड क्रमांक मिळतो, पुढे हॅश लावून. समजा तिथे हॅश ३,९३,२४५ नावाचा फोल्डर आहे. आत जा. त्या फोल्डरचं स्वतःचं नाव त्याच्या वरच्या फोल्डरमध्ये होतं, ते गेलं. पण आतल्या फाइलांची नावं त्याच्या स्वतःच्या यादीत आहेत, ती शाबूत असतात. 'लग्न', 'बारसं', 'जमीन मोजणी' अशी नावं दिसली की तो कुणाचा फोल्डर हे घरातलं कुणीही सांगेल. सुट्या फाइलांचं काम जास्त किचकट. तिथे 'फाइल' ही आज्ञा कामी येते. ती नावाकडे न पाहता पहिले काही बाइट वाचते आणि हा जेपीईजी, हा पीडीएफ, हा साधा मजकूर असं सांगते. मालक आणि तारीख आयनोडात असल्यामुळे तीही टिकलेली असते. तारखेने क्रम लावला की हजार अनोळखी फाइलांतूनही वाट निघते. आयनोडच नष्ट झाले असतील तर शेवटचा आधार क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं फोटोरेक, जे नोंदींकडे न पाहता ब्लॉकांमधून ओळखीच्या सुरुवाती शोधत जातं. नावं आणि तारखा मात्र तिथून परत येत नाहीत.

इतर फाइल सिस्टिमांचे रिवाज वेगळे आहेत. रेड हॅटने २०१४च्या सातव्या आवृत्तीपासून एक्सएफएस मुख्य म्हणून स्वीकारली. तिच्यासाठी 'एफएससीके डॉट एक्सएफएस' नावाचा प्रोग्रॅम आहे, पण बूट होताना तो जवळपास काही करत नाही. खरं काम 'एक्सएफएस-रिपेअर'चं. जर्नलमध्ये फेरफार शिल्लक असतील तर तो नकार देतो आणि आधी एकदा माउंट करून या असं सांगतो. ते ऐकावं. 'हायफन कॅपिटल एल' देऊन जर्नल पुसता येतं, पण ते फेरफार कायमचे जातात. माउंट अजिबात होत नसेल तेव्हाच ते करावं. फेडोराने २०२०च्या ३३व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपसाठी घेतलेल्या बीटीआरएफएसबाबत सवय पूर्ण उलटी ठेवावी. तिथे 'चेक रिपेअर' हा पहिला उपाय समजू नये. तिचा प्रोग्रॅम स्वतःच तसा इशारा देतो. आधी 'रेस्क्यू' पर्यायांनी फक्त वाचण्यासाठी माउंट करून पाहायचं, तेही जमलं नाही तर 'बीटीआरएफएस रिस्टोअर'ने फाइल बाहेर काढायच्या. आणि बीटीआरएफएसची मूळ डिस्क आणि तिची हुबेहूब प्रत एकाच वेळी यंत्राला जोडून माउंट करू नये. दोन्हींची ओळख एकच असल्याने कर्नलचा गोंधळ होतो.

नोंदी जुळल्या, तरी यंत्र उठेलच असं नाही. हरवलेल्या फाइलांत एखादी सिस्टिमची लायब्ररी असू शकते. लाइव्ह पेनड्राइव्हवरून रूट विभाजन माउंट करून, डेव्ह, प्रॉक आणि सिस हे तीन फोल्डर त्यात जोडून 'सीएचरूट' केलं, की आपण बिघडलेल्या सिस्टिमच्या आत उभे असतो. तिथे डेबियन कुटुंबात 'डीपीकेजी व्हेरिफाय' आणि रेड हॅट कुटुंबात 'आरपीएम हायफन व्हीए' प्रत्येक पॅकेजच्या फाइल मूळ नोंदीशी ताडून पाहतात. सेटिंगच्या फाइल बदललेल्या दिसणं साहजिक आहे. प्रोग्रॅम आणि लायब्ररी बदललेल्या दिसल्या तर ते पॅकेज पुन्हा बसवायचं. शेवटी इनिटरॅमएफएस आणि ग्रबची यादी नव्याने बनवून यंत्र सुरू करायचं.

उरतो कारणाचा प्रश्न, आणि तो सोडून दिला तर महिन्याभरात तोच पडदा परत दिसतो. आपल्याकडे पहिला संशय विजेवर जातो, आणि पावसाळ्यात तो बहुधा खराही असतो. पण जर्नल असलेली फाइल सिस्टिम नुसत्या लाइट जाण्याने बिघडायला नको. बिघडली, तर बऱ्याचदा डिस्कने 'लिहिलं' असं सांगून मजकूर स्वतःच्या कॅशमध्येच ठेवलेला असतो. स्वस्त एसएसडी, यूएसबीचे डबे आणि रास्पबेरी पायमधली मेमरी कार्डं यांत हा धोका जास्त. दुसरा संशयित मेमरी. सदोष रॅममधला एक उलटलेला बिट आयनोडात गेला की डिस्क निर्दोष असूनही नोंद चुकते. मेमटेस्ट रात्रभर चालवून एकही चूक निघाली, तर रॅम बदलेपर्यंत त्या यंत्रावर महत्त्वाचं काही लिहू नये.

क्वचित दोष कर्नलचाच असतो. २०१८च्या शेवटी कर्नल ४.१९ वापरणाऱ्यांच्या ईएक्सटी-४ विभाजनांवर विसंगती दिसू लागल्या. साहजिकच ईएक्सटी-४वर बोट दाखवलं गेलं. कित्येक दिवसांच्या शोधानंतर चूक सापडली ती त्याखालच्या थरात, डिस्ककडे विनंत्या पाठवणाऱ्या ब्लॉक लेयरमध्ये, आणि डिसेंबरमध्ये ४.१९.८ने ती दुरुस्त झाली. ईएक्सटी-४ने फक्त तक्रार केली होती. डिसेंबर २०२३मध्ये डेबियन १२.३ची प्रसिद्धी ऐन वेळी थांबवावी लागली, कारण तिच्यातल्या ६.१.६४ कर्नलमध्ये ईएक्सटी-४चा डेटा बिघडवणारी चूक आढळली. नव्या कर्नलमधला एक बदल जुन्यात आणताना त्याला आवश्यक असलेला दुसरा बदल मागेच राहिला होता. दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, दुरुस्त कर्नलसह १२.४ आली. म्हणून बिघाडाच्या आदल्या दिवसांत कर्नल बदललं होतं का, हे पॅकेजच्या नोंदवहीत पाहावं. ग्रबच्या यादीत आधीचं कर्नल सहसा शिल्लक असतं, काही दिवस त्यावर चालवून फरक पडतो का ते कळतं. आणि त्या काळात ग्रबमध्ये कर्नलच्या ओळीला 'एफएससीके डॉट मोड इज इक्वल टू फोर्स' जोडून ठेवलं, की प्रत्येक वेळी सुरू होताना रूटची पूर्ण तपासणी होते. एफएसटॅबमधल्या ओळीचा सहावा रकाना रूटसाठी १ आणि इतर ईएक्सटी-४ विभाजनांसाठी २ आहे ना, तेही पाहून घ्यावं. तिथे शून्य असेल तर ते विभाजन सुरू होताना कधीच तपासलं जात नाही.